चौदा माणसं आणि चार फॅमिली पॅक

माझं इंदूरला जाणं पप्पांच्या एका सहीवर अडलं होतं, आणि ती सही एका जेवणावर.

झालं असं, की राज्यस्तरीय वादविवाद स्पर्धेसाठी आमच्या शाळेतून एकच नाव गेलं आणि ते माझं होतं. चारुलता योगेश महाजन, अकरावी, मुक्काम बहादरपुर. गेल्या वर्षी हेच कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. गेल्या वर्षापर्यंत सरांनी मला प्रश्न विचारला की उत्तर माझ्या बाकावरची मोनाली द्यायची, आणि मी नुसती मान हलवायची. मग जुलैमध्ये एकदा मोनालीला ताप आला, तिच्या जागी मला स्टेजवर ढकललं, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलले. बोलतच राहिले. शेवटी मॅडमनी माईक हातातून काढून घेतला. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही.

पण पप्पा म्हणजे पप्पा.

"तीन दिवस इंदूरला? एकटी?"

"मॅडम आहेत ना सोबत."

"मॅडम तालुक्यातल्या सगळ्या पोरांच्या. तू एकटीच."

मी चार मुद्दे मांडले, दोन उदाहरणं दिली, एक दोहा म्हटला. पप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जसा पावसाचा अंदाज ऐकतात. मग म्हणाले, "असं कर. रविवारी आपली केळी कापायची आहे. तुझी आई इथं नाही. काशिनाथ मुकादमाची टोळी येईल, चौदा माणसं. त्यांचं जेवण तू सांभाळ. ते निभलं तर मी सही करतो. नाही निभलं तर विषय बंद."

"पक्का?"

"पक्का."

आई नेपानगरला मावशीकडे होती. मावशीचं ऑपरेशन झालेलं, काका पेपर मिलमध्ये, तीन शिफ्ट. मग घर कोण बघणार? जाताना आई फोन कानाला लावून आणि पिशवी खांद्याला अडकवून मला सांगत होती, "बट्टीचं पीठ दळून आण बरं, जाडं. गव्हात ओंजळभर मका टाक. बारीक दळलं तर बट्टी दगड होते." मी हो हो म्हटलं होतं.

आमच्याकडे केळीच्या कापणीला मालकानं टोळीला शेतातच वरण-बट्टी घालायची, ही जुनी रीत. आणि काशिनाथ काकांचा तर कायदाच आहे : कापणी उपाशी, भरणी जेवून. म्हणजे सकाळी नुसता चहा घेऊन घड कापतात, मग पोटभर जेवतात, आणि मगच ट्रक भरतात. जेवण नाही तर भरणी नाही. कापलेले घड उन्हात पडून काळे पडले तरी हे लोक हात लावत नाहीत.

पण मला कशाचं टेन्शन? माझ्याकडे ॲप होतं.

दिवाळीपासून ते जेवण मागवायचं ॲप आमच्या बहादरपुरपर्यंत पोहोचलं होतं. आई गेली त्या संध्याकाळी मी पहिली ऑर्डर टाकली, पप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मंचुरियन. तिसऱ्या दिवशी पुलाव. चौथ्या दिवशी पप्पांनी जेवल्यावर सोडा घेतला आणि म्हणाले, "चारू, साधी खिचडी नाही का टाकता येत?" मी म्हटलं, "टाकते ना," आणि खिचडीसुद्धा मागवली. आली ती वीतभर डब्यात, वर काजू लावून. पप्पा काजूकडे बराच वेळ बघत बसले होते.

आठ दिवसांत गॅसच्या शेगडीवर कोळ्यानं जाळं विणलं. मीठ कुठल्या डब्यात असतं ते मी विसरले. प्लॅस्टिकच्या डब्यांची ओट्यावर उतरंड लागली. ते टाकायला मन होईना, आणि त्यांचा उपयोग काय तेही कळेना. चक्कीवर जायचं तर राहिलंच. शनिवारी पप्पांनी विचारलं, "पीठ आणलंस?" तर मी म्हटलं, "जेवणाचं माझ्याकडे लागलं पप्पा, तुम्ही ट्रकचं बघा." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वादविवादात ही युक्ती चालते.

माझा हिशोब सोपा होता. ॲपवर एका हॉटेलचा फॅमिली पॅक दिसत होता, 'चार जणांसाठी'. दाल, पनीर, जिरा राईस, रोट्या. फोटोत तर नुसता डोंगर. चौदा माणसं, पप्पा आणि मी, झाले सोळा. चार पॅक. खलास.

रविवारी जानेवारीची कडक थंडी. मी सायकलनं शेतात पोहोचले तेव्हा घड पटापट खाली येत होते. पप्पा ट्रक आणायला वजनकाट्यावर गेले होते. साडेदहाला मी पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसून ऑर्डर टाकली आणि ऐटीत काशिनाथ काकांकडे गेले.

"काका, बारा वाजता जेवण तय्यार."

काकांनी विळा थांबवला. इकडं तिकडं पाहिलं. "धूर तर कुठं दिसून नाही राहिला."

"धुराची गरजच नाही."

पार्वती काकू, म्हणजे काकांची बायको, डोक्यावर घड घेऊन चालली होती. ती न थांबताच म्हणाली, "बिनधुराचं जेवण? काय वं माय, देव जेवतात तसं वास घेऊन जेवायचं का?"

बायका हसल्या. मीही हसले. आत्मविश्वास माणसाला हसवतो.

अकरा वाजले. साडेअकरा. ॲपवरची छोटी मोटरसायकल शहरातल्या बुधवाऱ्यात एका जागी उभी होती. ती तिथंच उभी राहिली. मग एकदम उलटी फिरली. मग गायब झाली आणि दुसऱ्याच नावाची मोटरसायकल आली. पावणेबाराला फोन.

"मैडम, लोकेशन पे तो केले ही केले हैं!"

"हां भैया, उन्हीं में आना है."

"केले में?"

"खेत है ना. कच्चे रस्ते से अंदर…"

"मैडम, मेरी कमर का ऑपरेशन हुआ है. मैं बस स्टैंड पे खड़ा हूँ, आप आ जाओ."

आता कमरेपुढे कुठला मुद्दा मांडणार? सायकल काढली. शेत ते बस स्टँड दोन किलोमीटर, त्यात अर्धा रस्ता चाकोरीचा. स्टँडवर मिशा पांढऱ्या झालेले एक काका पिशव्या धरून उभे होते. दोन पिशव्या. मी त्यांच्या मागं डोकावून पाहिलं.

"बाकी?"

"बाकी क्या? यही है, चार पैक."

मी पिशव्या हँडलला अडकवल्या. सायकल जराही जड झाली नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती, पण मी स्वतःला समजावलं : नवीन पद्धतीची पॅकिंग असेल.

सव्वाबाराला शेतात टोळी हातपाय धुऊन केळीच्या पानांवर रांगेनं बसलेली. चौदा माणसं, सकाळी सहापासून उपाशी. मी डबे उघडून मधे मांडले. चार डबे दालीचे, चार पनीरचे, चार भाताचे, आणि चांदीच्या कागदात बत्तीस रोट्या, तळहाताएवढ्या, गार, चामड्यासारख्या.

चौदा माना डब्यांवर वाकल्या.

मग काशिनाथ काकांनी दालीचा एक डबा उचलून उन्हाला धरला. "ही चटणी का?"

"दाल आहे काका. चार जणांसाठी."

"चार कोण? चिमण्या?"

"नैवेद्य दाखवून राहिली पोरगी," पार्वती काकू म्हणाली. "दाखव बाई दाखव, मग खरं जेवण आण."

एका दादानं रोटी दोन बोटांत धरून हलवली, ती वाकलीच नाही. "हिला चपलेला लावली तर वर्षभर चालेल!" आता सगळी टोळी हसायला लागली. मी फोन काढला. ॲपमध्ये तक्रारीचं बटण असतं, ते दाबलं. लगेच उत्तर : 'आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है.' मी लिहिलं, चौदा लोग भूखे हैं. उत्तर : 'आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है.' मी लिहिलं, अरे सुनो तो! उत्तर : पुढच्या ऑर्डरवर सूट. पुढची ऑर्डर टाकायला गेले तर किमान सत्तर मिनिटं, आणि त्या हॉटेलसमोर लाल अक्षरं : सध्या बंद.

काशिनाथ काका हसायचे थांबले होते. ते माणूस चांगले, पण मुकादम आहेत. "पोरी, ऐक. चार वाजता आम्हाला जसोंडीला दुसरी कापणी आहे. दोनला तुझा बाप ट्रक घेऊन येईल. तोवर पोटात काही पडलं तर भरणी. नाही तर आम्ही चाललो, तिथं तरी बट्टी मिळेल. हे घड मग उद्या भर नाही तर परवा भर."

पानांवर हारीनं मांडलेले घड, हिरवेगार, त्यांच्यावर ऊन सरकत येत होतं. मला इंदूर दिसेनासं झालं. पप्पांचा चेहरा दिसला, काजूकडे बघतानाचा.

तेव्हा मी केलं ते एकच काम, जे मला येतं. उलट्या क्रेटवर चढले आणि बोलले.

"काका, काकू, सगळे ऐका. चूक माझी आहे. मला स्वयंपाक येत नाही. पीठ दळून आणायचं होतं, मी आणलं नाही. ॲप आहे म्हणून वाटलं, कशाला? आता माझ्याकडे हे बारा डबे, एक सायकल आणि दोन वाजेपर्यंतचा वेळ आहे. पप्पांनी सही केली नाही तर माझी स्पर्धा जाईल, ते जाऊ द्या. पण घड काळे पडले तर पप्पांचं वर्ष जाईल. तुम्ही सांगाल ते मी करते. फक्त काय करायचं ते सांगा."

मग पार्वती काकूनं पदर खोचला.

"आली का खाली भाषणातून? घरात पीठ आहे का?"

"आहे. चपातीचं, बारीक."

"किती?"

"एक डबा. अर्धा."

"बारीक पिठाची बट्टी नाही होणार. अर्ध्या डब्यात चौदा पोटं नाही भरणार." तिनं आजूबाजूला पाहिलं, जसं कुणी बाजारात उभं राहून भाजी बघतं. ट्रकला न चालणाऱ्या बारक्या-वाकड्या फण्यांचा बांधावर ढीग पडला होता. "ही कच्ची केळी तर आहेत. पानं आहेत. मग पानगे करू. केळी भाजून पिठात मळायची. तू जा, पीठ आण. मीठ, मिरच्या, लसूण, तेल, हळद. आणि मोठं भगोनं. पळ!"

मी पळाले. म्हणजे सायकलच पळाली, मी फक्त वर होते. घरी आले तर स्वयंपाकघर मला ओळखेना. साखरेच्या डब्यात साखर, पोह्याच्या डब्यात रवा, मीठ काही सापडेना. आईला फोन लावला.

"आई, मीठ कुठंय?"

"मीठ? आठ दिवस काय खाल्लं मग तुम्ही?"

"नंतर सांगते!"

"शेगडीच्या उजव्या हाताला, निळ्या बरणीत. चारू, झालंय काय?"

"काही नाही, सगळं मस्त!" असं म्हणून फोन ठेवला. भगोनं कॅरियरला दोरीनं बांधलं, डबा पुढं, आणि परत.

परतले तोवर शेताचं रूप बदललेलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर गोवऱ्या रचल्या होत्या, आणि राखेत कच्ची केळी काळी होत पडली होती. एक दादा पानं फाडून वीतवीत तुकडे करत होता. काशिनाथ काका स्वतः केळी सोलत होते, बोटं भाजली की फुंकर मारत.

"मळ," पार्वती काकूनं पीठ माझ्यापुढं ओतलं. पीठ, भाजलेली केळी, मीठ, ठेचलेली मिरची, हळद. मी मळायला लागले. पहिल्यांदा सगळं हाताला चिकटलं, मग कोपरापर्यंत गेलं, मग केसाला.

"पीठ मळून राहिली की पीठ तुला मळून राहिलं?" काका म्हणाले.

"पाणी नको टाकू आता. तळव्यानं दाब. हां. स्टेजवर हात नाचवती ना, तसे नको नाचवू, जोर लाव," काकू ओरडली.

माझा पहिला पानगा गोल झाला नाही. दुसराही नाही. काकूचे एकासारखे एक, माझे प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा नकाशा. पानात गुंडाळून निखाऱ्यात ठेवले की पान करपायचा वास सुटायचा, आणि रांगेतला प्रत्येक जण नाक वर करायचा.

"आणि लावून काय खायचं?" मी विचारलं. कारण डाळ मी आणलीच नव्हती. पार्वती काकूनं सांगितली नव्हती आणि माझ्या डोक्यात ती आली नव्हती.

काकू रिकाम्या भगोन्याकडे बघायला लागली. मग माझी नजर त्या बारा डब्यांवर गेली. आणि मला सुचलं. खरंच मला सुचलं, हे मी ठासून सांगते, कारण बाकी सगळं श्रेय दुसऱ्यांचं आहे.

"काकू, हे सगळं भगोन्यात ओतलं तर? दाल, पनीर, सगळं? वरून पाणी, वरून आपली फोडणी?"

काकूनं दालीचा डबा नाकाशी नेला. "लोणी लई आहे. मसालाही आहे. मीठ कमी." मग काकांकडे बघून म्हणाली, "वाईट नाही बोलत पोरगी."

तेलात लसूण पडला, लाल मिरची पडली, आणि चार दाली, चार पनीर, एकामागून एक भगोन्यात. वरून बादलीभर पाणी. दोन कच्ची केळी किसून, घट्ट व्हायला. भातही त्यातच. ढवळता ढवळता त्या चिमण्यांच्या दालीचा असा लालभडक रस्सा झाला, की बांधामागच्या रस्त्यानं जाणारा एक अनोळखी माणूससुद्धा थांबून विचारून गेला, काय शिजतंय म्हणून. त्या चामड्याच्या रोट्यासुद्धा काकूनं कुस्करून रस्स्यात टाकल्या. तिथं त्या मऊ पडल्या. ॲपचं जेवण शेवटी मसाला म्हणून कामाला आलं.

पावणेदोनला पंगत बसली. पानगे फोडले की आतून वाफ, वरून तेलाची धार, बाजूला रस्सा. सोळा माणसांत पनीरचे तुकडे किती येणार? ज्याला सापडेल तो ओरडायचा, "मिळाला!" जणू सत्यनारायणाच्या प्रसादात बदाम लागला. काशिनाथ काकांनी सात पानगे खाल्ले आणि एकालाही तुकडा लागला नाही, म्हणून ते शेजारच्याच्या पानात वाकून बघत होते.

तेवढ्यात ट्रक आला. पप्पा उतरले. पंगत पाहिली, जाळ पाहिला, पिठानं माखलेली मला पाहिली, आणि हात धुऊन बसले. मी वाढलं. पप्पांनी पानगा मोडला, रस्स्यात बुडवला, खाल्ला. मग अजून एक. मग त्यांच्या बोटांत काहीतरी पांढरं आलं.

"रस्स्यात पनीर?"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. आता बघा, मला गप्प राहता आलं असतं. पप्पांना वाटलं असतं, पोरीनं कमाल केली. काशिनाथ काका काही सांगणार नव्हते, ते पोटभर जेवले होते. पण पार्वती काकू पदरानं कपाळ पुसत होती, आणि तिच्या हाताला भाजल्याचा लाल पट्टा होता.

"पप्पा, मी पीठ दळलंच नव्हतं. मी ॲपवरून मागवलं. चार पॅक. ते चिमण्यांना पुरलं असतं. पानगे काकूंनी केले, केळी काकांनी सोलली. मी भाषण केलं, मळलं आणि सायकल चालवली."

पप्पांचा घास हातातच राहिला. "मी शनिवारी विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, तुझ्याकडे लागलं."

"हो."

पप्पा रागावले की आवाज चढवत नाहीत, उतरवतात. "मुकादम, मी हिला सांगितलं होतं, जेवण निभलं तर इंदूरला पाठवीन. तुम्हीच सांगा. निभलं का?"

काशिनाथ काकांनी ढेकर दिला. लांबलचक. "योगेशभाऊ, पोट तर हो म्हणून राहिलं."

"पोट सोडा. तुम्ही बोला."

"मग खरं सांगू? बटण दाबून ही हातावर हात धरून बसली होती, तवा मला वाटलं, पोरगी वाया गेली. पण उपाशी चौदा माणसांसमोर उभं राहून 'चूक माझी' म्हणणं…" काका हात झटकून उठले. "मी मुकादम आहे तीस वर्षांपासून. मलाच अजून नाही जमलं."

"त्याला नाहीच जमलं," पार्वती काकू म्हणाली. "मी साक्षीला आहे."

हशा झाला. पप्पा हसले नाहीत, पण त्यांनी उरलेला घास खाल्ला. "कुठंय फॉर्म?"

फॉर्म माझ्या दप्तरात, चार दिवसांपासून, आणि दप्तर पंपाच्या खोलीत. पप्पांनी तो ट्रकच्या मडगार्डवर ठेवला. "इंदूरला तीन दिवस तिथलं जेवशील, ठीक. पण आई येईपर्यंत घरात चूल तू पेटवायची. आणि उद्या आधी चक्कीवर जायचं."

"जाड दळायचं. मका टाकून."

"आणि पार्वतीवहिनींच्या हाताला मलम लाव."

सही झाली. पाठीमागं टोळी उठली, घड खांद्यावर चढले, आणि चार वाजायच्या आत ट्रक भरून मेन रोडला लागला.

ॲप अजून फोनमध्ये आहे. ते काढून टाकलं वगैरे मी केलं नाही. मंचुरियन मला आवडतं. पण संध्याकाळी मी खिचडी टाकली. खाली लागली, वर कच्ची राहिली. पप्पांनी दोनदा घेतली आणि सोडा मागितला नाही.

सोमवारी फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. सहीच्या शेजारी अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता. पप्पांनी सही करण्याआधी एक घड हातात घेऊन पाहिला होता, त्याचा चीक. केळीचा चीक धुऊन जात नाही, कपड्यावरूनही नाही, कागदावरून तर नाहीच.

"चारुलता, ये दाग कैसा है?" मॅडमनी विचारलं.

"मैडम, आपके पास कितना टाइम है?" मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून घेतली.